कुणाची गो तू?

नवखा माणूस रत्नागिरीत आला आणि त्याने एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाला पत्ता विचारला, तर पत्ता मिळण्याआधी त्यालाच एक प्रश्न ऐकावा लागतो. ‘आपण कुठचे?’ मोघम उत्तराने भागत नाही. तालुका सांगितला की गाव विचारतात, गाव सांगितले की वाडी, आणि वाडी कळली की गृहस्थांचे डोळे लकाकतात. ‘म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?’ एवढा उलगडा झाला की पत्ता मिळतो, आणि दैव बरे असेल तर कोकम सरबतही. मुलांच्या बाबतीत एवढासुद्धा आडपडदा नाही. ‘कुणाचा रे तू?’ मुलगा बापाचे नाव सांगतो. तेवढ्याने ओळख पटली नाही तर आजोबांचे. त्याचे स्वतःचे नाव शेवटपर्यंत कुणी विचारीत नाही, आणि त्यालाही त्यात काही राहून गेल्यासारखे वाटत नाही.

‘मी कोण?’ या प्रश्नाने जगातल्या थोर तत्त्ववेत्त्यांची झोप उडवली आहे. आमच्याकडे तोच प्रश्न ‘तू कुणाचा?’ असा विचारतात, आणि विचारून झाल्यावर स्वस्थ झोपतात. मी मराठीची अध्यापिका. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नव्हे, मानसशास्त्र तर नव्हेच. पण वर्गात सर्वनामे शिकवावी लागतात. आणि ‘मी’, ‘आम्ही’, ‘आपण’ या तीन शब्दांचे बोट धरून चालू लागले, की माणूस कळत नकळत त्या दोन्ही प्रांतांच्या हद्दीत जाऊन पोचतो.

पहिली गंमत ‘मी’चीच. संस्कृतातला ‘अहम्’ आमच्या शेजारच्या कोकणी भाषेने ‘हांव’ या रूपात जपून ठेवला. मराठीने मात्र तो टाकला आणि ‘मया’, म्हणजे ‘माझ्याकडून’, या तृतीयेच्या रूपापासून आपला ‘मी’ घडवला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. भाषेने अहं टाकला. तो बोलणाऱ्यांनी टाकला की नाही, हा विषय वेगळा. पण ही तृतीया अजून आपल्या वाक्यांत लपून बसलेली आहे. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी कैरी खाल्ली’, ‘मी काजू खाल्ले’ ही वाक्ये घ्या. खाणारी मी एकच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते आंब्याकडे पाहते, कैरीकडे पाहते. मी बाई आहे की बुवा, हे त्या वाक्यावरून ओळखता यायचे नाही. बाकी उरले ते ‘मला’ने घेतले. भूक मला लागते, राग मला येतो, आठवण मला होते, आणि अगदी मतसुद्धा मी देत नाही, ते ‘मला वाटते’. जणू या सगळ्या गोष्टी बाहेरून येतात आणि मी ओटीवर बसून त्यांना ‘या, बसा’ म्हणते.

‘आपण’ची गोष्ट याहून मोठी. हा शब्द आला ‘आत्मन्’पासून. प्राकृतात त्याचा ‘अप्प’ झाला, मराठीत ‘आपण’. म्हणजे उपनिषदांनी ज्याचा शोध घेतला तो आत्मा, आणि ‘आपण उद्या बाजारात जाऊ’मधला आपण, हे एकाच घरचे. मराठीने या शब्दाला तीन कामे दिली. ‘तो आपण होऊन आला’ म्हणजे स्वतः आला. ‘आपण बसावे’ म्हणजे तुम्ही बसावे. आणि ‘आपण जाऊ’ म्हणजे मी आणि तू, दोघे मिळून. स्वतः, समोरचा, आणि दोघे एकत्र, या तिघांना एकच शब्द! ‘आम्ही’चे तसे नाही. ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणाऱ्याने ओळखावे, आपण घरी राहायचे आहे. ऐकणाऱ्याला आत घेणारा आणि बाहेर ठेवणारा असे दोन बहुवचनी शब्द संस्कृतात नव्हते. द्रविड भाषांच्या शेजाराने ते आपल्याकडे रुजले असावेत, असे मानतात. इंग्रजीचे तर सगळे एका ‘वुई’वर भागते, त्यामुळे बोलावणे आहे की नाही हे त्या बिचाऱ्यांना दर वेळी विचारून घ्यावे लागत असेल.

या सर्वनामांचा विचार करताना मला हटकून मालगुंडचे दामले आठवतात. गणपतिपुळ्याला लागून असलेले हे गाव. तिथल्या केशवपंत दामल्यांच्या घरी कृष्णाजी जन्मला १८६६ साली, आणि त्याच्या पाठोपाठ दोन वर्षांनी मोरो. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. मराठीच्या व्याकरणात काही अडले तर आम्ही मास्तर मंडळी अजूनही धाव घेतो ती त्याच्याकडे. थोरले कृष्णाजी म्हणजे आपले केशवसुत. मराठी कवितेत एका माणसाचे खासगी मन, त्याची निराशा, त्याचे बंड उघडपणे बोलू लागले ते त्यांच्यापासून. म्हणजे एका भावाने मराठीला ‘मी’ दिला आणि दुसऱ्याने त्या ‘मी’ची रूपे चालवून दाखवली. एका घराने भाषेची यापरती सेवा काय करावी?

पण मला मौज वाटते ती पुढेच. ज्या कवीने मराठीत ‘मी’ आणला, त्याने सही कोणत्या नावाने केली? केशवसुत! केशवाचा मुलगा. मालगुंडच्या वाटेवर एखाद्या म्हाताऱ्याने ‘कुणाचा रे तू?’ म्हणून विचारावे आणि त्याने द्यावे, तेच हे उत्तर. आणि कवी म्हणजे कोण, हे जगाला ठणकावून सांगण्यासाठी त्यांनी १९०१ साली जी चौदा ओळींची कविता लिहिली, तिचे नाव ‘मी कोण?’ नाही, ‘आम्ही कोण?’ आहे. पुढे अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये तिचे विडंबन केले, तेही ‘केशवकुमार’ या नावाने. म्हणजे थट्टा करतानासुद्धा ‘कुणाचा’ सुटला नाहीच.

बंडखोराने बापाचे नाव लावावे यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. शिकागोच्या विद्यापीठात जॉर्ज हर्बर्ट मीड नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांवरून त्यांच्या व्याख्यानांचा ग्रंथ निघाला. (आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून काय निघेल, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो.) मीड यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मूल जन्मते तेव्हा त्याच्यापाशी ‘स्व’ नसतो. आई त्याला हाक मारते, शेजारीण त्याला नावे ठेवते, सवंगडी त्याला खेळात घेतात किंवा घेत नाहीत. आणि या साऱ्यांच्या डोळ्यांनी ते हळूहळू स्वतःकडे पाहायला शिकते. भातुकलीत मुलगी आई होते आणि बाहुलीला रागावते, तेव्हा ती रागावत असते स्वतःलाच. अशा रीतीने घडलेला भाग म्हणजे ‘मला’. पण त्याच्या मागे आणखी कुणीतरी असतो, जो या ‘मला’ला उत्तर देतो. काय उत्तर देईल ते आधी सांगता येत नाही, त्याचे त्यालाही नाही. तो ‘मी’. केशवाचा सुत ही लोकांनी दिलेली ओळख झाली. ‘तुतारी’ हे त्या सुताने दिलेले उत्तर.

आता, ‘कुणाचा तू?’ या प्रश्नात सरबताचा गोडवा सगळ्यांच्याच वाट्याला येतो, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दबा धरून असतो, तो जातीचा. वाडी कळली की गृहस्थांचे डोळे लकाकतात, तसे काही वाड्यांची नावे ऐकून ते विझतातही. याच जिल्ह्यातले मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. ‘कुणाचा’चे उत्तर ज्यांना पिढ्यान्पिढ्या खाली मान घालून द्यावे लागले, त्यांच्यासाठी त्यांनी १९५६ साली नागपुरात प्रश्नच बदलून टाकला. त्याच्या आधी, औरंगाबादेत त्यांनी १९५० साली जे महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे नाव मिळाले मिलिंद राजाचे, आणि तो परिसर झाला नागसेनवन. या नावांमागची पाली ग्रंथातली कथा मला फार आवडते. राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, ‘आपले नाव काय?’ नागसेन म्हणतो, ‘मला नागसेन म्हणतात खरे, पण ते नुसते संबोधन. त्या नावाचा कुणी आत बसलेला नाही.’ राजा चकित होतो. तेव्हा नागसेन त्याला त्याच्या रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही ना? मग आपण आलात कशातून? चाके, आस, जू एकत्र आली की त्या जुळणीला व्यवहारात रथ म्हणतात, तसा मी नागसेन. ज्यांना जन्माने एकच घट्ट, न पुसणारी ओळख चिकटवण्यात आली होती, त्यांच्या मुलांच्या शाळेवर हे नाव लिहिले जावे, यातली सूचकता कुणी समजावून सांगायला नको. जी जुळणी आहे ती सोडवून पुन्हा जुळवता येते.

बायकांच्या बाबतीत ही जुळणी समाज स्वतःच सोडवत आला, अर्थात आमची परवानगी न घेता. लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात नवरा अंगठीने नाव लिहितो आणि माहेरच्या नावाची मुलगी तिथल्या तिथे संपते. देवरुखच्या जोशांची गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, तेव्हा ती आनंदीबाई झाली. महाराष्ट्र तिला ओळखतो तो ‘बाया कर्वे’ म्हणून. तीन नावे, तीन जन्मच म्हणा ना. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्या जोडप्यावर बहिष्कार घातला. म्हणजे ‘कुणाचे?’ या प्रश्नाला गावाने ‘आमचे नव्हेत’ असे उत्तर दिले. बाईंनी पुढे आत्मकथा लिहिली आणि तिला नाव दिले ‘माझे पुराण’. या ‘माझे’वर मी वर्गात पाच मिनिटे तरी थांबतेच.

त्याच घरात पुढे इरावतीबाई सून म्हणून आल्या. नात्यागोत्यांच्या शास्त्रातल्या त्या मोठ्या पंडिता. भारतातल्या आप्तसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालचा. पण त्यांचा ‘परिपूर्ती’ हा छोटासा लेख मला त्या ग्रंथाहून कमी वाटत नाही. सभेत त्यांची ओळख करून देताना वक्ते अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी असे सांगतात. तरी काहीतरी उणे राहते. ते उणे भरून निघते रस्त्यावरच्या एका पोराने दुसऱ्याला ‘ती आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ असे सांगितल्यावर. आजच्या काही मुलींना हा लेख रुचत नाही. ‘बाईंनी इतकी पुस्तके लिहिली, आणि ओळख मुलाच्या नावाने?’ असे त्या विचारतात. त्यांचा राग मला समजतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात बापाच्या आधी आईचे नाव लागते, हे मी त्यांना सांगते, तेव्हा त्या म्हणतात, ‘म्हणजे ‘कुणाचा’ राहिलाच की, बाई!’ राहिला खरा. पण आता उत्तरात दोघांची नावे आली.

इरावती हे नाव मात्र नवऱ्याने दिलेले नव्हे. बाईंचा जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या नदीचे नाव त्यांना मिळाले. आणि त्याच ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली आमच्या गावी आणून ठेवला गेला, इथेच १९१६ साली वारला. त्याचा राजवाडा पाहायला सहली येतात. राजाच्या थोरल्या मुलीची मुलगी रत्नागिरीतच वाढली, इथलाच संसार केला, मराठीत बोलली, मराठीत भांडली, गरिबीत जगली आणि म्हातारी होऊन इथेच गेली. ‘कुणाची?’ म्हणून विचारणाऱ्याला रक्ताचे उत्तर हवे असेल तर ती सिंहासनाची नात. पण जिने ते सिंहासन कधी पाहिले नाही, तिचा ‘मी’ त्या सिंहासनाने घडवला, की आळीतल्या हाकांनी?

हे सारे मी वर्षानुवर्षे खडू हातात घेऊन सांगत आले. गेली चार वर्षे तेच मला घरात सांगितले जात आहे.

माझ्या सासूबाईंची स्मृती चार वर्षांपूर्वी ओसरू लागली. ओहोटीला पाणी सरते तशी. आधी कालचे गेले, मग गेल्या वर्षीचे, मग सासऱ्यांचे जाणे, मग सासरेच. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, अल्झायमर. हळूहळू लग्नही गेले, आणि लग्नात मिळालेले नाव गेले. त्या नावाने हाक मारली तर बघत नाहीत. एक दिवस त्यांच्या माहेरच्या दूरच्या नात्यातल्या एक बाई आल्या आणि त्यांनी माहेरचे नाव घेऊन हाक मारली. साठ-बासष्ट वर्षांत आमच्या घरात न उच्चारलेले ते नाव. सासूबाईंनी चटकन मान वळवली आणि म्हणाल्या, ‘ओ!’ ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्यापाशी त्यांचे म्हणून एवढेच उरले आहे.

इंग्लंडचा तत्त्वज्ञ लॉक याने १६९४ साली, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, असे प्रतिपादन केले की माणूस तोच राहतो तो आठवणीमुळे. एखाद्या राजपुत्राची जाणीव, साऱ्या आठवणींसकट, मोच्याच्या देहात गेली, तर तो मोची म्हणजे राजपुत्रच. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त तो मान्य केला, तर आमच्या माजघरात खिडकीपाशी बसलेल्या बाई कोण, याचे उत्तर मला देता येत नाही. लॉकच्या हिशेबाने त्या माझ्या सासूबाई नव्हेत, माझ्या यजमानांच्या आई नव्हेत, कुणीच नव्हेत. पण बाजारातून आलेली मोड अजूनही त्यांच्या हातात दिली, तर त्या ती पूर्वीसारखीच मुठीत धरून दोनदा मोजतात. नाणे खोटे तर नाही ना, म्हणून उलटून पाहतात. भाजीवाल्यांशी पन्नास वर्षे ज्या बाईने हुज्जत घातली ती बाई, स्वतःला विसरूनही, त्या मुठीत शाबूत आहे. हे लॉकच्या कोणत्या प्रकरणात बसवायचे?

त्या मला रोज विचारतात, ‘कुणाची गो तू?’ सकाळी चहा नेला की विचारतात, आणि केस विंचरताना पुन्हा. कितीदा विचारले तरी स्वरात तेच कुतूहल, तीच माया. ‘तुमची सून’ म्हटले की त्या घाबऱ्या होतात. ज्या मुलीचे अजून लग्नच झालेले नाही, तिला सून कुठली? माझ्या माहेरचे नाव सांगितले तर त्यांना ती माणसे ठाऊक नाहीत. कधी मी शेजारची होते, कधी शाळेतल्या बाई. उत्तर दिले की त्या मान डोलावतात, पण कपाळावरची आठी जात नाही. एवढ्या बारकाईने माझी ओळख आजवर कुणी तपासली नव्हती.

मग एका सकाळी त्यांनी विचारले, आणि मी वेणीचा पेड घालता घालता म्हटले, ‘आपलीच.’

‘आपलीच होय?’ त्या म्हणाल्या, आणि आठी गेली. तेव्हापासून हे उत्तर चालते आहे. कोण सासर, कोण माहेर, कोण आधी आली, कुणाचे घर, काही सांगावे लागत नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, त्यानंतर दामल्यांनी लिहिले, इतर पंडितांनी लिहिले. या सर्वनामाचा हा उपयोग त्यांच्यापैकी कुणी नोंदवला असेल असे मला वाटत नाही.

यजमानांची गत निराळी. त्यांना त्या मुलगा म्हणून ओळखत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यात सासूबाईंना आपला थोरला भाऊ दिसतो, जो जाऊन तीस वर्षे झाली. ‘दादा’ अशी हाक आली की यजमान ‘ओ’ देतात. पहिल्यांदा त्यांनी ‘ओ’ दिली आणि मागच्या पडवीत जाऊन पुष्कळ वेळ उभे राहिले. आता सवयीने देतात. गेल्या भाऊबीजेला सकाळपासून सासूबाईंची गडबड चालली होती. दादा येणार, दादा येणार. संध्याकाळी मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. यजमान टोपी घालून आपल्या आईसमोर भाऊ होऊन बसले. निरांजनाचे ताट मी खालून धरले होते, पण ओवाळण्याचा हात त्यांचाच होता. तो चुकला नाही. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळे क्रमाने झाले. यजमानांनी वाकून ताटात शंभराची नोट घातली.

सासूबाईंनी नोट उचलली, उलटून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली.

‘एवढेच?’ त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे धरून तशाच उभ्या राहिल्या. यजमानांनी निमूटपणे पुन्हा खिशात हात घातला.